सिम्फॉनिक प्रोग मेटल पहिल्यांदा ऐकताना: २४ मिनिटांच्या गाण्यात वाट कशी सापडते

पॅरिस ऑलिम्पिकचं उद्घाटन आठवतंय ना? २६ जुलै २०२४, आपल्याकडे मध्यरात्र व्हायला आलेली, तिकडे सेन नदीत बोटी, वरून पाऊस, आणि मध्येच त्या जुन्या कॉन्सिएर्जरीच्या इमारतीवर उंच उभा राहून एक बँड प्रचंड आवाजात वाजवायला लागला. लाल धूर, लाल रिबिनी, आणि खाली बोटीवर एक ऑपेरा गायिका. बँड होता गोजिरा, फ्रान्सचाच मेटल बँड, गायिका मारिना व्हिओटी, आणि गाणं फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या गाण्याला ग्रॅमीसुद्धा मिळालं. आमच्या हॉलमध्ये मात्र आत्याने रिमोट घेऊन आवाज कमी केला आणि म्हणाली, "ती बाई किती सुरेल गाते आहे, मग मागे हे असं का लावलंय?"

मला तो प्रश्न फार आवडला होता, कारण त्यात ऐकणं होतं. बाई सुरेल आहे हे तिने त्या गदारोळातून वेगळं काढलं होतं. त्यानंतर घरात आणि मित्रांत तीन-चार जणांनी विचारलं की हे मेटल आणि ऑपेरा-ऑर्केस्ट्रा एकत्र असलेलं नीट ऐकायचं तर कुठून सुरुवात करायची, पहिल्यांदा ऐकलं की सगळं अंगावर येतं, काहीच हाती लागत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय, एकच अल्बम समोर ठेवून.

अल्बमचं नाव द ओडिसी, बँड सिम्फनी एक्स, अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा, साल २००२. एकूण ८ गाणी, तासाहून थोडं जास्त, आणि त्यातलं शेवटचं गाणं एकटंच २४ मिनिटांचं. मी हाच निवडला कारण यातली गोष्ट जगाला माहीत असलेली आहे, होमर या प्राचीन ग्रीक कवीच्या महाकाव्याची, आणि गोष्ट माहीत असली की कानाला धरायला एक दांडी मिळते.

आधी ते लांबलचक नाव फोडू

मेटल म्हणजे काय ते बर्मिंगहॅमपासून सांगावं लागेल. इंग्लंडमधलं कारखान्यांचं शहर. तिथला टोनी आयोमी हा तरुण पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, मशिनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा वाजवणारा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. त्याने बोटांवर घरी बनवलेल्या टोप्या चढवल्या, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे तारा सैल करून खालच्या पट्टीत लावायला लागला म्हणजे दाबायला जोर कमी लागेल. त्याचा बँड ब्लॅक सॅबथ, पहिला अल्बम १९७०. तो जड, खोल, खालून येणारा आवाज जो आज मेटलची ओळख आहे, त्यामागे एका जखमी हाताची सोय आहे.

सिम्फॉनिक म्हणजे त्यात पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा आला, व्हायोलिनचे ताफे, पितळी वाद्यं, मोठे नगारे, कधी कोरस. रॉक बँडने ऑर्केस्ट्रासोबत बसायचे प्रयोग जुने आहेत, डीप पर्पलच्या जॉन लॉर्डने १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बँड आणि ऑर्केस्ट्रासाठी अख्खी रचना सादर केली होती. पण मेटलचा वेगळा पंथ म्हणून हे रुळलं ते १९९० च्या दशकात, स्वीडनचा थेरियन, फिनलंडचा नाईटविश वगैरे.

आणि प्रोग्रेसिव्ह, बोलताना नुसतं प्रोग. मुखडा-अंतरा-मुखडा या चौकटीत न राहता गाणं पुढे पुढे जात राहतं, ताल बदलतो, पट्टी बदलते, एका गाण्यात चार गाणी असल्यासारखं वाटतं. हा गुण १९७० च्या दशकातल्या इंग्लिश रॉकमधून आला.

तीनही एकत्र आले की पहिल्यांदा ऐकणाऱ्याची दमछाक होणारच, त्यात त्याचा काही दोष नाही.

तो खरखरीत आवाज आणि मिरजेची जवारी

सगळ्यात आधी अडतं ते गिटारच्या आवाजापाशी. लोक म्हणतात गिटार फाटलीय. आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. तारेतून येणारा सिग्नल ॲम्प्लिफायरला झेपणार नाही एवढा मोठा करायचा, मग ॲम्प त्या लाटेची टोकं कापून टाकतो, आणि टोकं कापली की मूळ सुरात नसलेले किंवा अगदी दबलेले असलेले वरचे सूर तयार होतात. याला डिस्टॉर्शन म्हणतात.

आता तंबोरा आठवा. मिरजेत, जिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तिथे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतात, म्हणजे घोडीचा पृष्ठभाग घासून घासून असा करतात की तार त्याला सतत निसटती चाटत राहील, आणि मग तारेखाली दोरा सरकवत नेमकी जागा शोधायची. जागा सापडली की तंबोरा बोलतो. तो जो झंकार असतो तो म्हणजे मूळ सुराच्या डोक्यावर उभे राहिलेले वरचे सूर. जवारी नसलेली तार वाजवून बघा, टण्ण करते आणि संपते, कोरडी. म्हणजे शुद्ध, गुळगुळीत, एकटा सूर आपल्यालाही नकोच असतो, आपल्यालाही तो भरलेला लागतो. डिस्टॉर्शन हा त्याच भुकेचा फार आडदांड मार्ग आहे असं मी समजतो. दोन्हीची रीत वेगळी, एकात तार आणि लाकूड, दुसऱ्यात वीज, पण काम दोन्हीकडे तेच, एका सुरातून सुरांचा थवा उठवायचा.

गंमत पुढे आहे. डिस्टॉर्शन लावून पूर्ण कॉर्ड वाजवली, म्हणजे सा, ग आणि प एकत्र, तर हे जन्मलेले जादाचे सूर एकमेकांवर आदळून चिखल होतो. म्हणून मेटलवाले ग काढून टाकतात आणि फक्त सा-प ठेवतात, त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. तंबोरा पण बहुतेक वेळा प-सा-सा-सा. हे माझ्या लक्षात आलं त्या दिवशी मी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन करून सांगितलं, ते गावात भजनी मंडळात पेटी वाजवतात. ते म्हणाले, "मग त्यांना कोमल-तीव्र दाखवायचं झालं तर?" बरोबर पकडलं त्यांनी, तेच तर काम गायक आणि बाकीची वाद्यं करतात.

त्यानंतर गावी गेलो तेव्हा पेटी काढून आम्ही ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बममधला पहिला तुकडा वाजवून बघितला. तीनच सूर आहेत, तुम्हीही वाजवा: सा, मग वरचा सा, मग खाली येऊन तीव्र म, आणि त्यावर थांबायचं, हळू, खूप हळू. आप्पांनी भाता धरून ठेवला आणि तीव्र मध्यम तसाच लांबवला. यमनमध्ये हाच सूर इतका गोड लागतो कारण त्याच्या आजूबाजूला प आणि ग असतात, तो पंचमाकडे झुकलेला असतो, त्याला घर असतं. इथे तो एकटा सोडलाय. खोलीत खरंच गार वाटलं. आप्पांनी दुसऱ्यांदा वाजवलं आणि मग आपसूक बोट पंचमावर नेऊन ठेवलं, त्यांना तसं सोडवेना.

बँडला हा तुकडा सुचला तो गुस्ताव होल्स्ट या इंग्लिश संगीतकाराच्या मंगळ ग्रहावरच्या रचनेवरून, ती त्यांच्या डोक्यात घोळत होती. आणि हा होल्स्ट संस्कृत शिकला होता, ऋग्वेदातल्या सूक्तांवर त्याने समूहगानं लिहिली, सावित्रीच्या कथेवर छोटा ऑपेरा लिहिला. हे जरा विषयांतर झालं पण मला राहवलं नाही.

ताल मोडतो की आपली मोजणी चुकते?

दुसरी अडचण तालाची. आपण मान डोलवत असतो आणि अचानक मान चुकते, असं वाटतं यांनी एक मात्रा खाल्ली. खाल्लेलीच असते. बहुतेक सिनेमा गाणी चारच्या किंवा सहा-आठच्या हिशोबात असतात, प्रोगवाले पाच, सात, नऊ, अकरा काहीही घेतात. होल्स्टची ती मंगळाची रचना पाचच्या हिशोबात आहे.

पण आपल्याला सातची भीती का वाटावी? रूपक सातच मात्रांचा, तीन-दोन-दोन. झपताल दहाचा, दोन-तीन-दोन-तीन. भजनात, नाट्यगीतात आपण हे लहानपणापासून ऐकत आलोय, नाव माहीत नसलं तरी हाताला माहीत असतं. म्हणून माझा सल्ला असा की पाय आपटू नका, टाळी-खाली धरा, बोटांवर मोजा. एक-दोन-तीन, एक-दोन, एक-दोन. मेटलच्या तुकड्याला रिफ म्हणतात, गिटारवर परत परत येणारा तो छोटा तुकडा, आणि तबल्याच्या सोलोमागे पेटीवर लेहरा चालू असतो ना, तसाच तो धरून ठेवायचा. लेहरा सुटला नाही की वरच्या कितीही कसरती चालोत, सम सापडते.

एक फरक मात्र आहे आणि तो मान्य केला पाहिजे. आपल्याकडे बंदिश रूपकात सुरू झाली तर ती रूपकातच राहते, त्या आवर्तनाच्या घरात सगळा खेळ. प्रोगमध्ये घरच बदलतात, सातच्या चार ओळी, मग सहा, मग एकच ओळ पाचची, मग परत सात. ड्रीम थिएटर या बँडची १९९९ ची एक नुसती वाद्यांची रचना आहे, साधारण सहा मिनिटांची, त्यात ताल शंभराहून जास्त वेळा बदलतो. मला स्वतःला ती एका मर्यादेनंतर थकवते, हुशारीचं कौतुक वाटतं पण आत काही हलत नाही. सिम्फनी एक्स तेवढं ताणत नाही, तालाची वळणं गोष्टीच्या वळणांवर येतात, म्हणून सुरुवातीला तो बरा.

ऑर्केस्ट्रा खरा आहे का?

या अल्बममध्ये नाही. नाईटविशने २००४ च्या अल्बमसाठी लंडनला जाऊन खरे वादक घेतले होते, मेटॅलिकाने १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीसोबत स्टेजवर वाजवलं, तो खर्च आणि तो घाट वेगळा. सिम्फनी एक्समध्ये गिटारवाला मायकल रोमिओ, त्यानेच ऑर्केस्ट्राचे भाग लिहून कीबोर्ड-कॉम्प्युटरवर सॅम्पल्सनी बांधले. सॅम्पल म्हणजे खऱ्या वाद्याचा एकेक सूर आधी रेकॉर्ड करून ठेवलेला, तो कळीवर बसवायचा.

मग ते खोटं झालं का? मला वाटतं प्रश्न वेगळा विचारायला हवा: ऑर्केस्ट्रा काढून टाकला तर गाण्याचं काय होतं? काही सिम्फॉनिक मेटल असं आहे की व्हायोलिन काढली तरी गाणं तसंच उभं राहतं, तिथे ऑर्केस्ट्रा हा मिठाईवरचा वर्ख आहे, चकाकतो पण चवीला नाही. या २४ मिनिटांच्या गाण्यात सुरुवातीची काही मिनिटं आणि मधले मोठे टप्पे असे आहेत की गिटार मागे आणि गोष्ट ऑर्केस्ट्राच सांगतो, तो काढला तर जहाजातून समुद्रच काढल्यासारखं होईल. सॅम्पल असूनही. हां, व्हायोलिनच्या आवाजात खऱ्या धनुकलीचा श्वास नाही हे जाणवतं, चांगले हेडफोन लावले तर जास्तच जाणवतं.

एक धून पकडा, बाकी सोडा

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्या घरी संध्याकाळी हॉलमध्ये मालिका चालू असते आणि आई आत स्वयंपाकघरात. भाजी परतता परतता ती सांगते, "आली वाटतं ती." टीव्ही दिसत नाही, संवाद कळत नाही, कुकरची शिट्टी चालू, तरी तिला कळतं कारण त्या पात्राची एक धून आहे, ती आली की मागे तीच वाजते. या युक्तीला संगीतात लाइटमोटिफ म्हणतात, मी सूचक धून म्हणतो. जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नर याने ही युक्ती चार ऑपेरांच्या मालिकेत एवढ्या टोकाला नेली की पात्रं, वस्तू, इच्छा, शाप सगळ्यांच्या धुना आहेत, ती अख्खी मालिका पहिल्यांदा १८७६ मध्ये बायरॉइटला झाली, ऐकायला साधारण पंधरा तास. आज सिनेमा, मालिका, मेटल, सगळे त्याच विहिरीचं पाणी पितात.

तर पहिल्यांदा ऐकताना एवढंच करायचं, ओडिसियसची, म्हणजे गोष्टीच्या नायकाची, धून पकडायची. गाण्याचे सात भाग आहेत. पहिला भाग नुसत्या वाद्यांचा, ओव्हर्चर म्हणतात, आपल्या संगीत नाटकात नांदीची जी जागा तीच इथे, पण काम वेगळं, नांदीत स्तवन असतं, ओव्हर्चरमध्ये पुढे येणाऱ्या धुनांची ओळख करून देतात. इथे नायकाची धून येते, पितळी वाद्यांत, राजासारखी. ती दोन-तीनदा मागे घेऊन ऐका. गुणगुणता यायला लागली की पुढे.

मग सगळं एकदम शांत होतं आणि बँडचा गायक रसेल ॲलन गायला लागतो, गिटार आता खरखर सोडून साधी, मऊ. ट्रॉयचं युद्ध दहा वर्षं चाललं, आता राजाला इथाकाला घरी जायचंय, घराची आठवण. हा भाग आत्यालासुद्धा आवडला. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला इथे धक्का बसतो की हाच तो बँड का.

तिसऱ्या भागात एक डोळ्याचा राक्षस, गुहेत माणसं खाणारा. इथे रिफ येतो, जड, आणि आता तो जड का आहे हे आपल्याला कळतं, कारण एवढा मोठा देह चालतोय. चौथ्यात सर्सी ही जादूगारीण, जी माणसांची डुकरं करते, सूर तिथे निसरडे होतात. पाचव्यात सायरन.

सायरनपाशी थोडं थांबतो, कारण ती गोष्टच ऐकण्याची आहे. त्या अप्सरांचं गाणं ऐकलं की खलाशी भान हरपून खडकांवर आदळून मरतात. म्हणून ओडिसियस सगळ्यांच्या कानात मेण भरतो. पण स्वतःच्या नाही. त्याला ऐकायचं असतं. तो स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो, सांगतो की मी कितीही ओरडलो तरी सोडू नका, उलट दोर आणखी आवळा, आणि ऐकतो. होमरच्या त्या सगळ्या महाकाव्यात मला हा माणूस इथे सगळ्यात जवळचा वाटतो. आणि मेटलच्या अल्बममध्ये, जिथे सगळं जोरात असण्याची अपेक्षा, तिथे जिवावर बेतणारी जागा हळुवार आवाजात येते ही रचनाकाराची समज. धोका इथे गोड आहे.

सहाव्यात सहा तोंडांची सिला आणि समुद्र गिळणारा भोवरा कॅरिब्डिस, दोघांच्या मधून जहाज न्यायचं. इकडे आड तिकडे विहीर. इथे शब्दांपेक्षा ऑर्केस्ट्रा जास्त बोलतो, भोवरा खरंच फिरतो, आणि हा टप्पा पहिल्या वेळी हरवायला होतोच, होऊ द्या, तिथे हरवणं गोष्टीला धरूनच आहे.

सातव्या भागात तो घरी पोचतो, वीस वर्षांनी, तर राणीशी लग्न करायला आलेले उपटसुंभ वाड्यात ठाण मांडून बसलेले. धनुष्याचा पण असतो, त्या धनुष्याला दोरी फक्त यालाच चढवता येते, आपल्याला शिवधनुष्य आठवतंच. मग लढाई. आणि त्यानंतर दुसऱ्या भागातली घराच्या आठवणीची चाल परत येते, आता मऊ नाही, अख्ख्या बँडनिशी, ऑर्केस्ट्रानिशी. वीस मिनिटांपूर्वी जी आठवण होती ती आता जागा आहे, तो तिथे उभा आहे. हे कळायला इंग्रजीचा एक शब्द यावा लागत नाही. ती चाल आधी नीट ऐकलेली असली पाहिजे, एवढंच.

पण एवढं लांब कशाला?

हा प्रश्न हमखास येतो. मला उलट विचारावंसं वाटतं, तीन मिनिटं कोणी ठरवली? १९०२ मध्ये गौहर जान यांचं गाणं कोलकात्यात रेकॉर्ड झालं तेव्हा तबकडीवर मावायचं साधारण तीन मिनिटं, म्हणून तासाचा ख्याल तीन मिनिटांत बसवावा लागला. ती यंत्राची मर्यादा होती, आपल्या कानाला तिची सवय लागली. एलपी आली तेव्हा एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं आली आणि प्रोगवाल्यांनी अख्खी बाजू एका गाण्याला द्यायला सुरुवात केली, सीडीवर सत्तर-पंचाहत्तर मिनिटं आली तेव्हा २४ मिनिटांचं हे गाणं न तोडता बसलं. ज्या गावात सवाई गंधर्व महोत्सवात लोक सतरंजीवर बसून दीड-दोन तास एक गायक ऐकतात तिथे २४ मिनिटं जास्त वाटू नयेत. विलंबित ख्यालात पहिली दहा मिनिटं काय घडतं हे ज्याला माहीत नाही त्याला तेही "काहीच होत नाही" असंच वाटतं.

शब्द कळत नाहीत, आणि हे लोक ओरडतात का?

या अल्बममध्ये ॲलन बहुतेक ठिकाणी स्वच्छ सुरात गातो, आवाज भरदार, जोराच्या जागी गळा खरखरीत करतो एवढंच. घशातून गुरगुरण्याचा जो प्रकार असतो, ग्रोल, तो इतर काही बँडमध्ये सापडेल, नेदरलँड्सच्या एपिकामध्ये तर एकाच गाण्यात ऑपेरासारखा बाईचा आवाज आणि पुरुषाचं ग्रोल समोरासमोर येतात. शब्दांचं म्हणाल तर दुसऱ्या वेळी ऐकताना शब्द समोर घ्या, पहिल्या वेळी नको. वाचायला लागलं की डोळे पुढे पळतात आणि कान मागे राहतो.

सैतानाबद्दल पण विचारतात. मेटलमध्ये तसला वेश आणि तसले विषय घेणारे आहेत, ते नाकारून उपयोग नाही. पण या अल्बममध्ये होमर आहे, एका गाण्यात दान्तेचा नरक आहे, एकात एडगर ॲलन पोची भयकथा. आणि आपल्या मुंबईतला डेमॉनिक रेझरेक्शन, साल २००० पासूनचा, नाव ऐकून घरातले दचकतील, पण २०१७ चा त्यांचा अल्बम आहे दशावतार, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. नाव आणि मुखपृष्ठावरून ठरवू नका, आत काय गायलंय ते बघा.

सगळं सारखंच वाटतं त्याचं काय?

वाटणारच, कारण आवाजाची भिंत दिसते, विटा दिसत नाहीत. लक्ष्मी रोडवर विसर्जन मिरवणुकीत पहिल्यांदा उभं राहिलेल्या माणसाला ढोल-ताशा म्हणजे एकच धडधड. पण ज्याने पथकात एक वर्ष सराव केलाय तो डोळे मिटून सांगेल की ताशाने आता चाल बदलली, झांजा उशिरा पडल्या, त्या कोपऱ्यातल्या ढोलाचं पान सैल आहे. कान तेच, सराव वेगळा. इथेही एका वेळी एकच वाद्य धरा. मी बेसपासून, म्हणजे खालच्या सुरांच्या गिटारपासून, सुरुवात केली कारण मायकल लेपाँडचा बेस गिटारच्या खालून स्वतंत्र चालतो, तो ऐकू यायला लागला आणि मग ड्रमचे दोन पायांनी वाजणारे ठोके वेगळे झाले, मग कीबोर्ड. प्रत्येक वेळी अल्बम थोडा मोठा झाल्यासारखा वाटत गेला.

तरीही मधली दोन-तीन गाणी मला आजसुद्धा एकमेकांची भावंडं वाटतात आणि गिटारच्या काही वेगवान ताना नसत्या तरी चाललं असतं. क्रमाने पहिल्या गाण्यापासून ऐकायचा हट्टही नको. पहिल्या दिवशी शेवटचं गाणं, तेवढंच. बाकीची सात दुसऱ्या दिवशी.

आणि आवाज बेताचा ठेवा, हे अगदी मनापासून सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतं, तेच ९० डेसिबलला फक्त ४ तास. मेटल मोठ्यानेच ऐकायचं असतं हा समज चुकीचा आहे, डिस्टॉर्शनमुळे ते हळू लावलं तरी मोठं वाटतं, तीच तर त्याची खुबी. गेलेला कान परत येत नाही.

आप्पांनी ऐकलं तेव्हा

मागच्या दिवाळीत आप्पांनी स्वतःहून मागितलं. मी गोष्ट आधी पाच मिनिटांत सांगितली, धून पेटीवर वाजवून दाखवली, आणि दुपारी जेवणानंतर झोपाळ्यावर बसून त्यांनी हेडफोन लावले. राक्षसाच्या भागात कपाळाला आठ्या, हेडफोन थोडे कानापासून लांब धरले, पण काढले नाहीत. उजव्या हाताची बोटं मांडीवर मोजत होती, एकदा चुकली, परत पहिल्यापासून, मग चुकायची बंद झाली. भोवऱ्याच्या जागी त्यांनी डोळे मिटून घेतले, बराच वेळ काहीच हालचाल नाही, मला वाटलं डुलकी लागली. शेवटाकडे ती चाल परत आली तेव्हा हात वर गेला, मैफलीत समेला जातो तसा, आणि हेडफोन कानावर असल्यामुळे त्यांना स्वतःचा आवाज कळेना, ते केवढ्यांदा म्हणाले, "आला! घरी आला!"

आई आतून बघायला आली कोण आलंय ते.

मग त्यांनी हेडफोन काढून माझ्याकडे दिले आणि म्हणाले, तो डोलकाठीला बांधून घेतो ती जागा परत लाव, तिथे पेटी कुठला सूर धरेल बघू.